वरठ्याची खूण : मानेवरच्या एका पुरळाचा माग

१/
१९४३ साल. दुसरे महायुद्ध ऐन भरात आहे. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आहे आणि चीनकडे जाणारा रस्ता नव्याने खोदण्यासाठी अमेरिकन सैनिक भारतात उतरत आहेत. मलेरिया, आमांश, जळवा यांची त्यांना आधीच ताकीद दिलेली आहे. परंतु काही सैनिक डॉक्टरांसमोर एक वेगळीच तक्रार घेऊन उभे राहू लागले. ताप नाही, जखम नाही, किडा चावल्याची खूण नाही. कपड्याखाली एका ठरावीक जागी तांबडे, सुजलेले, बारीक फोडांचे आणि जीव नकोसा करणारी खाज असलेले पुरळ मात्र आहे.

२/
हे पुरळ उठण्याची जागाच विलक्षण होती. नायटा जांघेत होतो, खरूज बोटांच्या बेचक्यांत होते, घामोळे पाठभर पसरते. हे पुरळ मात्र कुणाच्या मानेमागे, शर्टाची कॉलर टेकते तेथे, तर कुणाच्या कमरेवर एका लहानशा पट्ट्यात. जणू कोणी तेवढ्याच जागेवर शिक्का मारला असावा.

शिक्का खरोखरच मारलेला होता. तो कातडीवर नव्हता, कपड्यावर होता. आणि ज्या वस्तूने तो मारला होता, ती नागपूरच्या इतवारीत काष्ठौषधीच्या दुकानांतून पिढ्यान्‌पिढ्या विकली जात आलेली होती.

३/
घरोघरचे कपडे एका घाटावर धुवायचे आणि पुन्हा ज्याचे त्याला परत द्यायचे, तर प्रत्येक कपड्यावर मालकाची ओळख हवी. ती ओळख भट्टीत उकळून, सोड्यात भिजवून, दगडावर आपटूनही टिकली पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला परीट म्हणतात आणि विदर्भात वरठी, त्या कारागिराने यावर फार जुना तोडगा काढलेला होता. बिब्याला टाचणी किंवा काडी टोचायची, तिच्या टोकाला येणाऱ्या तेलाने कॉलरच्या किंवा कमरपट्ट्याच्या आतल्या बाजूस दोन रेघा, एखादा ठिपका, एखादी फुली काढायची आणि वर चुना लावायचा. खूण काळीभोर होते. कापड विरेल, पण ती जात नाही.

रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या, मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडी ग्रंथात धोबी या नोंदीच्या शीर्षकातच ‘वरठी’ आणि ‘परीट’ ही नावे आहेत. ही खूण म्हणजे निरक्षर मानल्या गेलेल्या समाजाची स्वतःची लिपीच होती. ती वाचता येणारा घाटाबाहेर सहसा कोणी नसे. अपवाद पोलिसांचा. बेवारस मृतदेह सापडला की त्याच्या कपड्यांवरची धोब्याची खूण हा ओळख पटवण्याचा एक भरवशाचा धागा मानला जाई.

४/
बिबा, बिब्बा, बिबवा, भिलावा. संस्कृतात भल्लातक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाट, कुठल्याही पानझडी जंगलात हे झाड भेटते. फळाची रचना काजूसारखी : वर मांसल केशरी बोंडू आणि त्याला लटकलेले काळे, चपटे, हृदयाच्या आकाराचे बी. बियांच्या टरफलात दोन थरांमध्ये मधासारखे दाट तेल भरलेले असते. ते हवेला लागले की काळे पडते. टरफलाच्या आत पांढरी गोडंबी. तीच गोडंबी बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात पडते, आणि तिच्यापासून बोटभर अंतरावर असलेले तेल कातडीला लागले तर फोड येतात.

या जवळिकीमुळे मराठी घरात बिब्याला एकाच वेळी मान आणि धाक आहे. पायात काटा मोडला की गरम बिब्याचा चटका. दारावर लिंबू-मिरचीच्या जोडीला कुठे कोळसा तर कुठे बिबा. खेडोपाडी फिरणाऱ्या बायकांच्या टोपलीत सुया, दाभण, काळे पोत यांच्याबरोबर बिबे असत. आणि चाललेल्या कामात कोणी खोडा घातला की त्याने ‘बिब्बा घातला’, हे सांगायला कोश उघडावा लागत नाही.

५/
मराठीने या विकारासाठी क्रियापदही राखून ठेवले आहे. बिबा ‘उततो’. दूध उतते तसा तो अंगावर उततो. ‘त्याला बिबा उतला’ एवढ्या तीन शब्दांत कारण, लक्षण आणि रोगनिदान तिन्ही येतात. कोणाला उततो आणि कोणाला नाही, हे अंगावर असते, हेही गावातल्या जाणत्या बाईला ठाऊक असे. एकीने आयुष्यभर बिबे हाताळावेत आणि दुसरीला झाडाखालून गेल्यावरच सूज यावी, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा होता.

शास्त्रग्रंथही गप्प नव्हते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील रसायनप्रकरणात भल्लातकाच्या अनेक कल्पांचे वर्णन आहे आणि त्याच ठिकाणी इशाराही आहे की हे द्रव्य अग्नीसारखे तीक्ष्ण आहे, विधिपूर्वक वापरले तरच अमृतासमान. औषधात घेण्यापूर्वी बिबे विटेच्या चुऱ्यात चोळून त्यांचे तेल शोषून घेण्याची शोधनपद्धती आजही शिकवली जाते.

६/
बिब्याची कीर्ती विंध्यापलीकडे आणि समुद्रापलीकडेही गेली. ‘भल्लातक’ शब्दावरून अरबीत ‘बलाधुर’ झाला. स्मरणशक्ती वाढवणारे औषध म्हणून त्याचा बोलबाला होता. सिंधवरील अरब स्वारीची हकिगत ज्याच्या ग्रंथामुळे आपल्यापर्यंत पोहोचली, तो नवव्या शतकातील इतिहासकार अल-बलाधुरी. त्याच्या नावामागची आख्यायिका अशी, की बिब्याच्या औषधाचा अतिरेक होऊन त्याला अखेरीस वेड लागले. ही आख्यायिका त्याच्याविषयी की त्याच्या आजोबांविषयी, यावर जुन्या चरित्रकारांतही एकवाक्यता नाही. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधीसंवादांत बिब्याला स्वतंत्र प्रकरण आहे. युरोपीयांनी त्याला हृदयाच्या आकारावरून ‘अनाकार्डियम’ म्हटले आणि पुढे तेच नाव ब्राझीलहून आलेल्या काजूला देऊन टाकले. बिब्याच्या वाट्याला ‘सेमेकार्पस’ आले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ खुणेचे फळ. लॅटिन नावात वरठ्याचा धंदा असा कोरलेला आहे.

७/
मग एवढे सारे ठाऊक असताना १९४३ साली ते पुरळ कोडे का ठरले? कारण बिब्याविषयीचे ज्ञान इंग्रजी अमलात कोणत्या कपाटात ठेवले गेले, हे पाहावे लागते. त्याचा मोठा भाग गेला न्यायवैद्यकाच्या कपाटात.

नॉर्मन चेव्हर्सचा हिंदुस्थानातील न्यायवैद्यकावरील ग्रंथ १८५६ चा. त्यानंतर १९२० साली आलेले जयसिंग मोदी यांचे पाठ्यपुस्तक तर आजही सुधारित आवृत्त्यांतून वापरात आहे. या परंपरेत बिबा भेटतो तो प्रामुख्याने खोट्या जखमेचे साधन म्हणून. शत्रूवर मारहाणीचा आळ घ्यायचा तर बिब्याचे तेल अंगाला लावायचे. त्याचा डाग मुका मार लागल्यासारखा दिसतो. खरा मार आणि बिब्याचा डाग यांतला फरक वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना घोकावा लागतो. खऱ्या माराचा रंग दिवसागणिक बदलतो : लाल, निळसर, हिरवट, पिवळा. बिब्याचा डाग गडद तपकिरी-काळाच राहतो, त्याची कड स्पष्ट असते, त्याला खाज असते, फोड असतात, डाग हात पोहोचेल अशाच जागी असतो आणि लावणाऱ्याच्या बोटांच्या टोकांवरही तसाच डाग सापडतो.

निरीक्षण उत्तमच आहे. पण त्या पानांची दृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे. समोरचा रयत खोटे बोलतो आहे, हे गृहीत धरून ते लिहिलेले आहे. बिब्याने ज्याचे अंग खरोखर उतले आहे अशा बिबे वेचणाऱ्याला त्या कपाटात फारशी जागा नव्हती.

८/
दुसरीकडे, कातडीच्या रोगांच्या पानावर वरठी आधीपासूनच आरोपी म्हणून उभा होता, तोही भलत्याच गुन्ह्यात. जांघेतल्या नायट्याला हिंदुस्थानातील इंग्रजांनी ‘धोबी इच’ हे नाव दिले होते. साहेबाच्या जांघेत खाज सुटली, तर ती काळ्या माणसाने धुतलेल्या कपड्यांतूनच आली असली पाहिजे, असा हा तर्क. पॅट्रिक मॅन्सन यांच्या उष्णकटिबंधीय रोगांवरील विख्यात पुस्तकातही (१८९८) हे नाव येते.

वस्तुतः नायटा बुरशीमुळे होतो. फर्डिनांड हेब्रा यांनी व्हिएन्नात १८६० च्या सुमारास जांघेतल्या या विकाराचे वर्णन केलेले होते, आणि व्हिएन्नात कोणी वरठी नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आल्डो कास्तेलानी यांनी कोलंबोत या बुरशीचा अभ्यास केला. दमट हवा, घट्ट कपडे, घाम आणि माणसामाणसांतील संसर्ग ही कारणे पुढे आली. नाव मात्र पुसले गेले नाही. इंग्रजी शब्दकोशांत ते अजूनही सापडते. न केलेल्या अपराधाबद्दल वरठ्याचे नाव रोगाला चिकटले आणि त्याच्या बिब्याने जे प्रत्यक्ष होत होते, त्याकडे लक्ष जायला १९४३ उजाडले. या साऱ्या प्रकरणातला सर्वांत विचित्र भाग हाच आहे.

९/
नायट्याचा विषय निघालाच आहे, तर थोडे आडवळण. एकोणिसाव्या शतकात मुंबईत नायट्यावर एक पिवळसर-तपकिरी भुकटी खपत असे. नाव ‘गोवा पावडर’. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवून लावायची. गुण हमखास, कपड्यांवर डागही हमखास. ती कशापासून होते, हे विकणाऱ्यांनाही माहीत नव्हते. पोर्तुगीजांच्या मार्गाने ती गोव्यात येत होती, एवढेच. १८७४ च्या सुमारास ब्राझीलमधील बाहियाचे डॉक्टर दा सिल्व्हा लिमा यांनी उलगडा केला, की ही तर तिकडच्या अरारोबा झाडाच्या खोडातली भुकटी. पुढे लंडनचे बाल्मॅनो स्क्वायर यांना ती सोरायसिसवर उपयोगी दिसली आणि तिच्यातील द्रव्यावरून १९१६ साली जर्मनीत डिथ्रानॉल तयार झाले. तेही सोरायसिसवर अनेक दशके वापरले गेले. कारण अज्ञात असलेल्या रोगावर मूळ अज्ञात असलेले औषध, आणि तरी गुण येतो! वैद्यकाच्या इतिहासात असे प्रसंग वाटतात त्याहून अधिक आहेत.

१०/
आता पुन्हा १९४३. लिव्हिंगूड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या तिघा डॉक्टरांनी या पुरळावर लिहिलेला लेख त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यांपैकी लिव्हिंगूड हे त्वचारोगतज्ज्ञ. ते आणि फिट्झ-ह्यू पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने उभारलेल्या विसाव्या जनरल हॉस्पिटलचे डॉक्टर होते. हे रुग्णालय आसामात मार्घेरिटा येथे होते. पुरळाची जागा आणि कपड्यावरच्या काळ्या खुणेची जागा एकच, हे ध्यानात आल्यावर कोडे जवळजवळ सुटलेच. अशा संशयाची शहानिशा करण्याची रीत वैद्यकात होती. १८९५ साली योझेफ याडासोन यांनी मांडलेली ठिगळ-चाचणी, म्हणजे संशयित द्रव्याचा अंश निरोगी कातडीवर चिकटवून दोन-तीन दिवसांनी पाहणे. बिबा दोषी ठरला. लेखकांनी रोगाचे नाव ठेवले ‘धोबी मार्क डर्मटायटिस’. वरठ्याचे नाव याही रोगाला लागलेच. पण या खेपेस निदान कारण तरी खरे होते.

११/
पण हे पुरळ अमेरिकनांतच इतके का उठावे? उत्तर त्यांच्या घरच्या परसात आहे. अमेरिकेत पॉयझन आयव्ही नावाची तीन पानांची वेल सर्वत्र वाढते. निम्म्याहून अधिक अमेरिकनांच्या कातडीला तिचे वावडे असते. ही वेल, बिबा, काजू, आंबा आणि जपानी लाखकामासाठी ज्याचा चीक काढतात ते झाड, ही सारी एकाच कुळातली. आंबा उतरवताना चीक उडून ओठाशेजारी चट्टा उठतो, तो याच भावकीचा प्रताप.

चिकातल्या दाहक द्रव्याची रचना जपानी रसायनशास्त्रज्ञ रिको माजिमा यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उलगडली. बिब्यातल्या द्रव्यावर हिंदुस्थानात १९३१ साली पिल्ले आणि सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. त्याला भिलावनॉल हे नाव मिळाले. दोन्ही द्रव्ये एकमेकांशी इतकी मिळतीजुळती, की एकाला ओळखणारी कातडी दुसऱ्यालाही ओळखते. सैनिक भारतात पहिल्यांदाच आला होता; त्याच्या कातडीला मात्र बिब्याचा चुलतभाऊ लहानपणापासून परिचित होता. खूण वाळली, कपडा उकळला, तरी अशा कातडीला पुरेल इतका अंश धाग्यांत शिल्लक राही.

१२/
ओळखण्याची ही क्रियाच या पुरळाला फसवे बनवते. तेलाचे सूक्ष्म कण कातडीत मुरतात, तिथल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीराच्या संरक्षक पेशी त्या जोडगोळीला परकी समजून हल्ला करतात. हे काम रक्तद्रवातील प्रतिपिंडे करत नाहीत, पेशी करतात, हे मेरिल चेस आणि कार्ल लँडस्टायनर यांनी नेमके १९४२ साली गिनीपिगवरील प्रयोगांतून दाखवले होते. पेशींना जमा व्हायला वेळ लागतो. म्हणून पुरळ संपर्कानंतर लगेच उठत नाही, एक ते तीन दिवसांनी उठते. आयुष्यातला पहिलाच संपर्क असेल तर आठवडा-दीड आठवडाही जातो. सोमवारी घातलेल्या शर्टाचा दोष बुधवारी खाल्लेल्या अन्नावर जातो. अंगावर अचानक काही उठले की घरोघर ‘काय खाल्लेस?’ हा प्रश्न आधी येतो, आणि ‘काय लागले?’ हा फार उशिरा.

वरठ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. रोग्याला दोषी वस्तू दिसतच नव्हती. खूण आतल्या बाजूला, मानेमागे होती. घालणाऱ्याला ती दिसत नसे आणि काढणाऱ्याला कोणी विचारले नव्हते.

१३/
उपचारांचे काय? पहिला उपचार ‘दूर करा’. बिब्याचे तेल लागले तर तत्काळ साबण आणि भरपूर पाण्याने धुणे. कारण ते मुरायला फार वेळ घेत नाही. घरगुती रीत खोबरेल किंवा तूप चोळण्याची, चिंचेचा पाला किंवा ओले खोबरे वाटून लावण्याची. तेलात तेल विरघळते, त्यामुळे खोबरेल लावून नीट पुसून काढले तर त्यात तथ्य आहे. नुसते चोळत बसले तर बिबा पसरतो. फोडातले पाणी दुसरीकडे लागून पुरळ पसरते, हा समज मात्र चुकीचा आहे. पसरते ते नखांत, कपड्यांत, हत्यारांवर राहिलेल्या तेलामुळे.

१९४३ च्या डॉक्टरांकडे ओल्या पट्ट्या आणि कॅलामाइनसारखी शामक मलमे होती; आजचे हुकमी अस्त्र नव्हते. ते आले १९५२ साली, न्यूयॉर्कच्या मॅरियन सल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन यांनी कातडीवर लावायच्या हायड्रोकॉर्टिसोनचा गुण दाखवला तेव्हा. तेव्हापासून बिब्यासारख्या पुरळावर डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेले स्टिरॉइड हा मुख्य उपचार आहे. पुरळ बहुधा दोन-तीन आठवड्यांत निवळते. डोळे, चेहरा वा गुप्तांग सुजले, किंवा बिबा पोटात गेला, तर घरगुती उपायांत वेळ घालवण्यात अर्थ नाही. बिब्याच्या चिकाशी संपर्क आल्यानंतर मूत्रपिंडे निकामी झाल्याची नोंद वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९७९ सालीच केलेली आहे.

१४/
आणि इथे वरठ्याच्या नावाचे दोन्ही रोग पुन्हा समोरासमोर येतात. बिब्याच्या पुरळाला जे मलम शांत करते, तेच नायट्यावर लावले तर खाज थांबते, लाली जाते आणि बुरशी आतल्या आत फोफावते. कारण ओळखण्याआधीच खाजेवर मलम लावण्याची किंमत आज देशभर मोजली जात आहे. स्टिरॉइड मिसळलेली मलमे वर्षानुवर्षे औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळत राहिली. गोरे होण्याच्या आशेने ती चेहऱ्यालाही फासली गेली. नायटा हटेनासा झाला, औषधांना दाद न देणारे प्रकार पुढे आले. अशाच एका बुरशीला २०२० साली जपानी संशोधकांनी नाव दिले : ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. त्यात भारताचे नाव आहे. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा प्रकारची स्टिरॉइडे असलेली मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत आणली. ते बरेच आधी व्हायला हवे होते.

कातडी स्वतःच पुष्कळ सांगत असते, हे जुन्या डॉक्टरांना पक्के ठाऊक होते. पुरळ कोठे उठले आहे, त्यावरून माग काढता येतो. जांघेत गोल कडा असलेला चट्टा असेल तर बुरशीचा संशय. पापण्या, मान, कोपराचे लवण अशा उघड्या भागांवर असेल तर वाऱ्याने आलेले काहीतरी. पुण्यात १९५० च्या दशकात नोंदल्या गेलेल्या गाजरगवताने महाराष्ट्रात पुढे जो त्वचादाह माजवला, तो याच नकाशावरून ओळखला गेला. तिथेही लोकांनी दोषी आधीच ठरवला होता : अमेरिकेतून आलेला मदतीचा गहू. भारताचा त्या गव्हाचा करार १९५६ च्या ऑगस्टमधला आणि गवत पुण्यात त्याआधीच दिसलेले, ही तारखांची अडचण कोणाच्या फारशी लक्षात येत नाही. आणि कॉलरखाली नेमका ठिपक्याएवढा चट्टा असेल, तर शर्ट उलटा करून पाहायचा.

१५/
आता वरठी बिबा क्वचितच वापरतो. खुणेची पेने आली, कापडी चिठ्ठ्या आल्या, घरोघर धुलाई यंत्रे आली. ‘धोबी मार्क डर्मटायटिस’ हे पाठ्यपुस्तकातले नाव उरले. बिबा मात्र संपलेला नाही. गोडंबीला मागणी आहे. थंडीच्या दिवसांत लाडवांसाठी ती शहरांत चांगल्या भावाने विकली जाते. टरफलाच्या तेलाचेही औद्योगिक उपयोग आहेत. जंगलातून बिबे वेचण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांत मोडतो.

गोडंबी मात्र आपोआप बाहेर येत नाही. विदर्भ-मराठवाड्यात जंगलालगतच्या गावांतल्या बायका एकेक बिबा दगडावर उभा धरून फोडतात. फटका चुकला की तेल हातावर, चेहऱ्यावर, कधी डोळ्यांत उडते. बिबे भाजले तर धुरानेही अंग उतते. हाताला तेल, राख, चिंध्यांची गुंडाळी, एवढेच संरक्षण. काहींना सवयीने कमी होते, काहींना दर हंगामात नव्याने सूज येते, तरी मजुरी बुडू नये म्हणून त्या बसतात. अमेरिकन सैनिकाच्या मानेवरच्या एका ठिपक्याला वैद्यकाने नाव दिले, लेख लिहिला, चाचणी केली. या बायकांच्या हातांवरच्या रोगाला वेगळे नाव नाही. लाडवासाठी घेतलेल्या गोडंबीच्या पुडीवर कोणाची खूण नसते. फोडणाऱ्या बाईच्या तळहातावर मात्र त्याच काळ्या तेलाचे डाग असतात, आणि ते फिके पडायच्या आत दुसरे पोते येते.